इम्पॅक्टच्या दुसऱ्या दिवशी

आमच्या दैनिकात एका शब्दासाठी लाल रंग राखून ठेवलेला होता. शब्द इंग्रजी, पण डेस्कवरच्या कुणालाच तो परका वाटायचा नाही. इम्पॅक्ट. बातमी छापून आली, कुणीतरी तिची दखल घेतली, काहीतरी हललं, की पान लावणारा ओरडायचा, "इम्पॅक्ट आहे, जागा ठेवा!" मग शहराच्या पानावर चौकट निघायची. चौकटीच्या कोपऱ्यात लाल पट्टी, पट्टीत पांढऱ्या अक्षरांत तो शब्द, आणि खाली मथळा, 'वृत्ताचा दणका'. काय झालं ते नंतर. आधी दणका.

या धंद्याबाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल म्हणून सांगते. वर्तमानपत्राला रोज सकाळी लोकांच्या दारात जाऊन पडायचं असतं आणि आपण त्यांच्या उपयोगाचे आहोत हे रोज नव्यानं पटवायचं असतं. ते पटवण्याचं सगळ्यात सोपं साधन म्हणजे इम्पॅक्ट. आधी खड्ड्याचा फोटो, मग बुजवलेल्या खड्ड्याचा फोटो. दुसऱ्या फोटोत शक्यतो तेच दुकान, तीच पाटी मागं दिसली पाहिजे, नाहीतर वाचक म्हणणार खड्डा दुसराच. वार्ताहरांची आपसांत यावरून ईर्षा. कँटीनमध्ये एखाद्याला विचारावं, काय चाललंय, तर तो म्हणायचा, "या आठवड्यात दोन इम्पॅक्ट आले." असा चेहरा करून, जणू घरात दोन लग्नं निघालीत.

हा इम्पॅक्ट येतो, होतो, आणि काही जण तो काढतातसुद्धा. काढतात म्हणजे असं, की बातमी छापायच्या आधीच संबंधित साहेबांना फोन लावायचा. "साहेब, उद्या तुमच्या भागातल्या गटारीची बातमी येतेय. परवा तुम्ही काय करताय?" साहेब म्हणायचे, परवा माणसं पाठवतो. मग उद्याची बातमी लिहिता लिहिताच परवाचा इम्पॅक्ट अर्धा लिहून तयार. यात खोटं काही नसे. गटार साफ व्हायची. फक्त बातमी आणि काम यांच्यात आधी कोण आणि नंतर कोण, हे विचारायचं नसे.

या शब्दाचे गिऱ्हाईकही मोठे नमुनेदार. गारखेड्याकडचे एक निवृत्त गृहस्थ गल्लीत दिवा नाही म्हणून रोज येऊन बसत. अखेर बातमी लागली, दिवा लागला, चौकट लागली. आठवड्यानं गृहस्थ परत हजर. मला वाटलं पेढे आणलेत.

"मॅडम, तो दिवा बरोबर माझ्या बेडरूमच्या खिडकीत आलाय हो. रात्रभर टक्क उजेड."

"मग काय करूया, काका?"

"तुमचा इम्पॅक्ट जरा कमी करता येतो का, बघा ना."

मी या सगळ्यात आले ती टायपिंगच्या वाटेनं. माझं गाव राजापूरच्या बाजूला, खाडीच्या अलीकडं. आठवीनंतरची शाळा खाडीपलीकडं आणि आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळं शाळा सुटली ती सुटलीच. आई गेल्यावर थोरली बहीण मला तिच्या सासरी घेऊन आली. मेव्हणे वाळूजच्या कंपनीत. दाराशी विहीर असलेल्या घरातून मी या गावात आले आणि बहिणीच्या गल्लीत पहिल्याच दिवशी पाण्याच्या ड्रमला कुलूप पाहिलं. मला वाटलं आत धान्य असेल. बहीण म्हणाली, "धान्य कोण चोरतंय इथं?"

मेव्हण्यांनी टायपिंगच्या क्लासला घातलं आणि तिथून मी दैनिकात ऑपरेटर म्हणून लागले. वार्ताहर हातानं लिहायचे, आम्ही ते संगणकावर उतरवायचो. आठवी झालेल्या मुलीला पंख्याखाली बसायची नोकरी मिळाली याचा आनंद इतका, की ती जाईल याचीच भीती जास्त. शिपाई येऊन "संपादकांनी बोलावलंय" म्हणाला, की मी आधी डबा पिशवीत भरायची आणि मग जायची. काढलंच, तर परत जागेवर यायला नको. बहुतेक वेळा संपादकांना एखादं अक्षर लागत नसे, एवढंच कारण असायचं.

मला वार्ताहर केलं ते गाढे सरांनी. आमचे मुख्य वार्ताहर. फुलंब्रीकडच्या शेतकरी घरातले, रोज मोटरसायकलवर तिथून ये-जा. अक्षर असं की कागदावर मुंग्या सांडल्यासारख्या दिसाव्यात, आणि त्या मुंग्या वाचता येणारी कार्यालयात मी एकटी. एक दिवस ते खुर्चीमागं येऊन उभे राहिले.

"सुनंदा, हे वाक्य माझं नाही."

मी कळफलकावरून हात काढले. "सर, तुमचं जरा लांबलं होतं, म्हणून..."

"हे बरं आहे. उद्यापासून बाहेर पड. नाहीतरी तूच लिहितेस, मी नुसता उन्हात फिरतो."

एवढ्यावर त्यांनी संपादकांकडं शब्द टाकला. सहा महिने बघू, असं ठरलं. त्या माणसाचं माझ्यावर जे आहे ते मी कधी फेडू शकणार नाही. म्हणून पुढची गोष्ट लिहिताना हात जरा जड होतो. पण त्यांनीच परवा फोनवर बजावलं, "लिही. माझं नाव चांगलं ठळक टाक."

तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि दुष्काळ एक वर्ष मुक्काम करून न जाता पुन्हा पुन्हा येत होता. जायकवाडीत किती पाणी उरलं, हे पहिल्या पानावर रोज छापून यायचं. पैठणकडं मोसंबीच्या बागा तोडून त्यांचं सरपण होत होतं. आणि त्याच वर्षांत शहर चहूबाजूंनी सुटलं होतं. शेंद्र्याला कंपन्या आल्या, बिडकीनच्या जमिनींचे भाव ऐकून माणसं दचकायची, आणि जालना रोडच्या दोन्ही अंगांना शेतजमिनीच्या गट नंबरांमध्ये, खरेदीखताशिवाय नुसत्या बाँडपेपरवर प्लॉट विकले जात होते. गावं पाण्यासाठी शहराकडं येत होती, शहर जागेसाठी गावांकडं जात होतं. दोघांची गाठ जिथं पडे तिथं पाणीही नव्हतं आणि धड रस्ताही.

अशीच एक वस्ती, सूर्योदयनगर. शेजारी कोरडा नाला आणि नाल्यापलीकडं तिच्याहून गरीब, नुसत्या पत्र्यांची दुसरी वस्ती. सूर्योदयनगरला टँकर येत नव्हता. बाया लांबच्या एका मळ्यातून, मळेवाल्याची बोलणी खात, पाणी आणत. गाढे सरांनी त्यावर बातमी केली, जोरदार. दोनच दिवसांत टँकर आला. सोबत पाणी खात्याचे साहेब, पुढच्या निवडणुकीत उभं राहायची हौस असलेला तिथला एक पुढारी, आणि आमचा फोटोग्राफर. कडूबाई नावाची एक बाई पाइप हातात धरून तोंडभर हसतेय, असा फोटो मिळाला. पाण्याचा विषय तापलेला, त्यामुळं चौकट थेट पहिल्या पानावर. लाल पट्टी, इम्पॅक्ट, दणका.

वस्तीनं गाढे सरांचा सत्कार केला. शाल, नारळ, भाषणं. 'आभार! आभार! आभार!' असा फ्लेक्स लागला. त्यावर पुढारी टँकरपेक्षा मोठा.

चार-पाच दिवसांनी सर मला म्हणाले, "सूर्योदयनगरचा फॉलोअप घेऊन ये. छोटासा. बाया खूश आहेत, वगैरे."

फॉलोअप म्हणजे झालेल्या बातमीचं पुढं काय झालं ते बघून येणं. हे काम कुणाला नको असतं. त्यात नाव छापून येत नाही, जागा मिळते आतल्या पानावर जाहिरातीच्या बगलेत, आणि लग्न झालेल्या घरी अक्षता घेऊन गेल्यासारखं वाटतं. म्हणून ते नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. मी खुशीत गेले. खूश बायांशी बोलायला कोणाची हरकत असणार?

वस्तीत शिरले तर तो फ्लेक्स खांबावरून उतरवलेला. चार बांबूंना बांधून बायांनी त्याची सावली केली होती आणि सावलीत ड्रम ठेवले होते. पुढाऱ्याच्या हसऱ्या चेहऱ्याखाली ओळीनं रिकामे ड्रम. कडूबाई तिथंच भांडी मांडून राखेनं घासत बसल्या होत्या. कंपनीतल्या पोरांना डबे देणारी खानावळ चालवायच्या त्या. फोटोत हसणारी हीच बाई, हे ओळखायला मला वेळ लागला.

"कोन वं तू? पेपरवाली? ये, बस. फक्त पानी मागू नको."

"मावशी, टँकर आला होता ना?"

"आला व्हता की. फोटोच्या दिवशी."

"आणि नंतर?"

"नंतर फोटो नाय, टँकर नाय."

शेजारच्या बाया हसल्या. मला हसू येईना. मी विचारलं, "मग तक्रार नाही केली?"

"केली की. माझा ल्योक गेला व्हता त्या हापिसात. तिथला साहेब काय म्हनला म्हाईत हाय? तुमचा पेपर काढून दाखिवला त्याला. म्हनला, हे बघ, तुमाला पानी भेटलंय, छापून आलंय, तुझीच माय हसू ऱ्हायली फोटोत. मंग आता कशाची तक्रार?" कडूबाईंनी घासलेली परात आपटली. "आधी नुसतं पानी नव्हतं. आता पानी बी नाय अन् बोंबलायची सोय बी नाय. लई भारी पेपर हाय बाई तुमचा."

"डब्यांचं काय करता?"

"अर्धे बंद केले. उरलेले बंद झाले तं गावी जायाचं. अन् गावात काय नदी वाहू ऱ्हायली व्हय? तिथून पानी नाय म्हनूनच इथं आलो ना."

मी बसमध्ये बसले आणि सारखं तेच डोक्यात. बातमी नसती तर या बायांना निदान तक्रार करता आली असती. आमच्या चौकटीनं त्यांचं तोंडच बंद केलं होतं. आणि ही गोष्ट मी कुणाला जाऊन सांगणार? ज्यांनी मला खुर्चीवरून उठवून वार्ताहर केलं, त्यांनाच. माझे सहा महिने अजून पुरे व्हायचे होते.

गाढे सरांनी माझा कागद वाचला आणि उलटा करून ठेवला.

"चार दिवस थांब. येईल टँकर."

"सर, त्यांची तक्रारच घेत नाहीत."

"सुनंदा, इम्पॅक्ट छापलाय आपण. पहिल्या पानावर. आता त्याच पानावर आपणच म्हणायचं, की पाणी आलंच नाही? बाकीचे पेपरवाले पंधरा दिवस चहा पाजतील मला, हसत हसत. इम्पॅक्ट झाला की विषय संपतो. उद्याची बातमी बघ."

हे त्यांच्या एकट्याचं नव्हतं. सगळ्या धंद्याची ती रीतच होती. पहिला टँकर, पहिला मुरूम, पहिला दिवा, की लाल पट्टी. दुसऱ्या दिवशी तिथं काय आहे, हे बघायला कुणी जात नसे, कारण इम्पॅक्टला इम्पॅक्ट असत नाही. मी "बरं सर" म्हटलं. वाद घालायचं बळ माझ्यात नव्हतं. जागेवर येऊन मी दुसरीच कसलीशी बातमी लिहायला घेतली आणि तीन वेळा खोडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांचा मोबाइल वाजला. पलीकडचा आवाज इतका खणखणीत, की आम्हा सगळ्यांना ऐकू यावा. सत्काराच्या दिवशी सरांनी वस्तीत आपला नंबर मोठ्या मनानं सगळ्यांना दिला होता.

"गाढे साहेब, मी कडूबाई. त्या दिवशी गडबडीत तुमचा च्या ऱ्हायला. आज या च्या प्यायला."

"येतो की मावशी, कधीतरी."

"कधीतरी नाय, आजच या. अन् येतानी पानी घेऊन या. तुमच्या च्याचं बी अन् आमचं बी."

सरांनी फोन ठेवला. डेस्कवरच्या कुणीतरी खुसकन हसलं. सरांचे कान लाल झाले होते. मला वाटलं, आता माझ्यावर येणार, तिला मीच पढवलंय असं म्हणणार. मी डब्याची पिशवी जवळ ओढली.

"बघतेस काय?" ते उठले. "चल. वाटेत पाण्याचे जार घ्यायचेत."

मोटरसायकलवर मधे एक आणि माझ्या मांडीवर एक असे जार घेऊन आम्ही सूर्योदयनगरला पोचलो. कडूबाईंनी खाट टाकली. जारमधलं पाणी मोजून पातेल्यात ओतलं, चहा केला, कप सरांच्या हातात दिला आणि समोर उभ्या राहिल्या. सर फ्लेक्सखालचे ड्रम बघत होते. एका ड्रमचं झाकण उचलून त्यांनी आत वाकून पाहिलं, तेव्हा मला ते पहिल्यांदा मुख्य वार्ताहर न दिसता फुलंब्रीच्या मळ्यातली विहीर बघायला वाकलेल्या माणसासारखे दिसले.

तेवढ्यात नाल्यातून पाच-सहा बाया तरातरा चढून आल्या. सर्वांत पुढं एक उंच बाई. तिचं नाव शेवंता, हे नंतर कळलं.

"हेच ना ते शालवाले?" तिनं सरांकडं बोट केलं. "आमच्या पाळीचं पानी कुठं गेलं, सांगा आता!"

"कुठली पाळी?" सर खाटेवरून उठले.

"ज्या दिवशी तुमी इथं फोटू काढले ना, त्या दिवशी टँकर आमचा व्हता. नाल्यापलीकडचा! माझ्या लेकीची हळद व्हती त्या दिवशी. लेकीला हळद लावून बसविली अन् आंघोळीला पानी नाय. दिवस बुडेस्तोर पोर पिवळी होऊन बसली, पाव्हणे तोंडाकडं बघू ऱ्हायले. अन् इथं ही बया पाइप धरून हसती!"

"ए शेवंते," कडूबाई उसळल्या, "मला काय म्हाईत तुझं पानी व्हतं? माझ्या दारात टँकर आला, मी भरलं. साहेब म्हनला हस, मी हसले."

"तुला हसाया सांगितलं अन् मला रडाया!"

दोघी एकमेकींच्या अंगावर जाणार असं वाटत होतं. सर मधे गेले. "थांबा. टँकर आत्ता कुठं आहे?"

"आमच्याकडंच उभा हाय. या बघायला."

आम्ही सगळे नाला उतरून पलीकडं गेलो. टँकरभोवती झुंबड. चालक सलीमभाई बॉनेटवर हात टेकून, चाळिशीचा, उन्हानं रापलेला माणूस, शांतपणे पान खात उभा. सरांनी सरळ विचारलं, फोटोच्या दिवशी काय झालं?

"क्या होना था साब. मेरी फेरी तो इदर की है. उस दिन बोले, पेपरवाले आ रए, पैले उदर लगा दे, फोटो होने दे. फोटो हुआ, टंकी खाली. इदर क्या लाता मैं, हवा?"

"मग तिकडची फेरी?"

"उदर की फेरी तो बनीच नै, साब. एक दिन का था वो. तुमारे वास्ते."

तुमारे वास्ते. सरांनी माझ्याकडं बघितलं नाही. खिशातून डायरी काढत म्हणाले, "हे छापलं तर तुझं नाव घालू का, भाई?"

सलीमभाईंनी पान थुंकलं. "डालो. मेरे को निकाल के किसको लाते? ये गाडी मेरे सिवा किसी से स्टार्टच नै होती."

बाया हसल्या, शेवंताबाईसुद्धा. पण तिची लेक सासरी गेली होती, आणि त्या दिवसाची भरपाई आमच्यापैकी कुणाच्याच हातात नव्हती. आजही हळदीच्या वासानं मला ती न पाहिलेली मुलगी आठवते.

परतताना चिकलठाण्याच्या पुढं सरांनी गाडी कडेला घेतली.

"पोरी, ही तू लिही. मी लिहिली तर सारवासारव होईल."

"तुमचं नाव येईल त्यात, सर."

"येऊ दे ना. सत्कारात आलं तेव्हा कुठं लाजलो मी?"

मी लिहिली. टँकर आला तो नाल्यापलीकडून ओढून आणलेला होता, तो एकाच दिवसाचा होता, आणि आमच्या छापील चौकटीचा पुरावा दाखवून सूर्योदयनगरची बोळवण होत होती, एवढंच साध्या वाक्यांत. सरांनी एक शब्द बदलला नाही. फक्त माझ्या बातमीच्या वर त्यांच्या मुंग्यांनी मथळा लिहिला, 'फोटोपुरता टँकर!'

शिपाई आला. "संपादकांनी बोलावलंय."

मी डबा भरला आणि गेले. सर आधीच आत उभे. आमचे संपादक तीन पिढ्या कारकुनी केलेल्या घरातले, प्रत्येक कागद दोनदा वाचणारे, आवाज न चढवणारे. त्यांनी चष्मा काढला.

"हे छापलं तर आपलाच इम्पॅक्ट खोटा ठरतो."

सर म्हणाले, "हो."

"आणि तुम्ही?"

"मीही."

संपादक माझ्याकडं वळले. "तुमचं काय म्हणणं?"

मी जे म्हणाले ते ठरवून म्हणाले नाही. "सर, त्यांची तक्रार घेत नाहीयेत. पेपरात आलंय म्हणतात. आपण छापलंय, म्हणून त्यांना पाणी मिळत नाहीये."

संपादकांनी चष्मा घातला आणि पान लावणाऱ्याला आत बोलावलं.

"ही उद्या पहिल्या पानावर. ती चौकट होती तिथंच, तेवढ्याच जागेत. लाल पट्टी नको. आणि खाली एक ओळ टाका: आमची आधीची बातमी अपुरी होती."

"नाव कुणाचं, सर?"

"ज्यांनी लिहिली त्यांचं." मग माझ्या हातातल्या पिशवीकडं बघून म्हणाले, "आणि बाई, तुम्ही दरवेळी डबा घेऊन का येता? मी काही तुमचं जेवण मागत नाही."

सकाळी दूधवाल्याकडं उभी असताना मी पहिल्या पानावर माझं नाव बघितलं आणि बहिणीकडं धावत गेले. तिला लिहिता-वाचता येत होतं, तरी मी तिला वाचून दाखवलं. मेव्हण्यांनी तो अंक घडी न करता कंपनीत नेला.

कार्यालयात पोचले तर फोन थांबेनात. आम्हाला वाटलं होतं लोक हसतील. दुसऱ्या एका पेपरातल्या वार्ताहरानं खरंच सरांना फोन केला, "गाढे, स्वतःलाच दणका दिला की राव!" सर म्हणाले, "लागला ना पण!" बाकी सगळे फोन वाचकांचे. आमच्याकडंही फोटोपुरताच आला, आमचा बोअर उद्घाटनाच्या दिवशीच चालला, आमच्या रस्त्याचा इम्पॅक्ट तपासून बघा. फुलंब्रीहून, बिडकीनहून, मुकुंदवाडीतून. एरवी जे लोक आमच्या पेपरात फक्त भविष्य आणि निधनवार्ता बघायचे, ते आता चौकटी वाचत होते. खपवाले साहेब स्वतः वर येऊन माझ्या टेबलाशी उभे राहिले. तोपर्यंत त्यांना माझं नावही माहीत नव्हतं.

आणि पाणी खात्यातून संपादकांना निरोप आला की दोन्ही वस्त्यांना वेगवेगळ्या फेऱ्या लावल्यात, बातमी द्या. म्हणजे इम्पॅक्ट द्या. पान लावणाऱ्याचा हात सवयीनं पट्टीकडं गेला. संपादक म्हणाले, "थांबा. सुनंदाबाई तिथं जाऊन आल्याशिवाय नाही."

तीच पुढं रीत झाली. आमच्या पेपरात त्या शब्दाच्या आधी फॉलोअप जाऊ लागला. इम्पॅक्ट कमी झाले, वार्ताहर मुलं कुरकुरली, मला 'इम्पॅक्ट इन्स्पेक्टर' म्हणून चिडवू लागली. चिडवोत. माझे सहा महिने कधी संपले ते माझ्या लक्षातही आलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. असे इम्पॅक्ट खरे की खोटे, ते पुढं मी पुष्कळदा जाऊन पाहिलं. काही वाटेत विरले, काहींना माणसांपर्यंत पोचायला फार उशीर झाला. पण पहिला जो खरा पाहिला, तो सांगते.

नव्या फेऱ्या सुरू होऊन काही दिवस झाल्यावर मी एकटीच गेले. फोटोग्राफर नाही, साहेब नाही, कुणाला आगाऊ कळवलं नाही. नाल्यापलीकडं सलीमभाईंची गाडी रिकामी होऊन उभी होती आणि शेवंताबाई दारात कपडे वाळत घालत होती. अलीकडं सूर्योदयनगरला दुसराच टँकर नुकताच लागला होता. गलका, घागरी, पाइपांचे वेटोळे, कुणाचा ड्रम पुढं सरकवला यावरून कडाक्याचं भांडण, पण ते रोजचं, पोटभर पाणी असणाऱ्यांचं भांडण. कडूबाई पदर खोचून पाइप ओढत होत्या. चुलीवर खानावळीचं मोठं पातेलं चढलेलं, आणि डब्यांची रांग पुन्हा लांब झालेली.

मी जवळ जाऊन म्हटलं, "मावशी, ओळखलं का? पेपरातली सुनंदा. दोन मिनिटं बोलायचं होतं."

त्यांनी मला खांद्यानं बाजूला सारलं, पाइपाचं तोंड ड्रममध्ये घातलं, आणि मान वर न करता म्हणाल्या, "सरक वं जरा, पायात येऊ ऱ्हायलीस. उद्या ये बोलायला. आज पानी हाय."